अर्जुनाची साल आणि मनाचे औषध

हृदयाला हितकर अशा दहा वनस्पतींचा एक गण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात दिलेला आहे. आंबा, अंबाडा, फणसाच्या कुळातले लकुच, करवंद, वृक्षाम्ल म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपले कोकम, अम्लवेतस, बोराच्या दोन जाती, डाळिंब आणि महाळुंग. दहाच्या दहा फळे, आणि जवळजवळ सगळी आंबट. कोकणातल्या कुठल्याही घराच्या परड्यात आणि माळ्यावर यातली निम्मी तरी सापडतील. आज हृदयाचे औषध म्हटले की ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, तो अर्जुन मात्र या दहांत नाही. चरकाने त्याला अंगावर उठणाऱ्या पित्तावरच्या गणात बसवले आहे.

अर्जुन तिथून हृदयापर्यंत कसा पोचला, आणि त्याच्या सालीचा काढा घरातल्या चुलीवरून वैद्याच्या मडक्यात, मडक्यातून कारखान्यातल्या पिंपात आणि पिंपातून न्यायालयाच्या कागदांत कसा गेला, हा सुमारे दोन हजार वर्षांचा प्रवास आहे. त्यात वैद्य आहेत, राजाच्या मुदपाकखान्यातला अधिकारी आहे, जंगलातून फुले गोळा करणारी माणसे आहेत आणि दारूबंदीचे सरकारही आहे.

आंबट फळे हृदयाला कशी काय हितकर, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडतो. चरकाच्या काळी हृदय हे रक्त ढकलणारे यंत्र म्हणून माहीत नव्हते. मन, बुद्धी, चेतना आणि ओज, म्हणजे शरीराचे मूळ बळ, यांचे ते घर होते. जे खाल्ल्यावर जिभेला चव येते, मळमळ थांबते, मन प्रसन्न होते, ते हृदयाला मानवणारे, असा तो विचार होता. सूत्रस्थानाचा तिसावा अध्याय तर हृदयावरच आहे. हृदय, त्यातून निघणाऱ्या दहा मोठ्या वाहिन्या आणि ओज यांचे रक्षण ज्याला करायचे आहे त्याने सर्वांत आधी काय टाळावे? मनाला दुःख देणारी कारणे. त्यानंतर हृदयाला आणि ओजाला पोषक आहार, आणि त्याच्या जोडीला शांती व ज्ञान यांची कास. चिकित्सास्थानात हृद्रोगाची कारणे सांगताना अतिश्रम आणि चुकीच्या उपचारांच्या रांगेत चिंता, भय आणि त्रास हीही आली आहेत. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषाद पहिला, असेही हाच ग्रंथ सांगतो.

म्हणजे हृदयाचे औषध आणि मनाचे औषध अशी दोन खाती तेव्हा नव्हती. याचा सर्वांत मोठा पुरावा आसवांच्या, म्हणजे मुरवलेल्या मद्ययुक्त औषधांच्या, यादीत मिळतो. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात चरकाने 84 आसवे मोजली आहेत. धान्यांची 6, फळांची 26, मुळांची 11, झाडाच्या गाभ्याची 20, फुलांची 10, कांडांची 4, पानांची 2, सालींची 4 आणि साखरेचे 1. गाभ्यापासूनच्या वीस आसवांत खैर, चंदन, साल, शिसव यांच्या बरोबरीने अर्जुन बसला आहे. यादी संपवताना चरक या आसवांचे गुण सांगतो, ते असे: मन, शरीर आणि अग्नी यांना बळ देणारी, निद्रानाश, शोक आणि अरुची घालवणारी, हर्ष देणारी. झोप, दुःख आणि भूक यांची एकाच दमात घेतलेली ही नोंद आजच्या मानसोपचारतज्ज्ञालाही ओळखीची वाटेल. खचलेल्या माणसाला तो आधी हेच तीन प्रश्न विचारतो.

अर्जुनाला स्वतंत्र मान मिळाला तो पुढच्या काळात. आधीच्या ग्रंथांत तो इतर झाडांच्या सालींच्या सोबतीने हृद्रोगाच्या पाठांत डोकावतो. अकराव्या शतकात बंगालमध्ये चक्रपाणिदत्ताने आपला चिकित्सासंग्रह रचला. हाच ग्रंथ ‘चक्रदत्त’ म्हणून ओळखला जातो आणि तो वृंदाच्या ‘सिद्धयोग’ या जुन्या ग्रंथाच्या धर्तीवर बेतलेला आहे. त्यातल्या हृद्रोगाच्या प्रकरणात अर्जुनाचे राज्य आहे. सालीचे चूर्ण तुपाबरोबर, दुधाबरोबर किंवा गुळाच्या पाण्याबरोबर घ्यावे. सालीचा रस आणि कल्क म्हणजे वाटलेला गोळा घालून तूप सिद्ध करावे. गव्हाचे पीठ आणि अर्जुनाचे चूर्ण तेल-तुपात परतून, गूळ घालून शिजवावे आणि वर दूध प्यावे.

हा शेवटचा पाठ म्हणजे सरळसरळ औषधी शिरा आहे. चक्रपाणीचे वडील नारायण हे गौडाच्या नयपाल राजाच्या पाकशाळेचे अधिकारी होते, हे समजल्यावर त्या ग्रंथाला येणारा स्वयंपाकघराचा वास अधिक जाणवतो. दूध, तूप, गूळ, गव्हाचे पीठ. यातले काहीही बाजारातून मुद्दाम आणावे लागत नाही. अर्जुनही दूर नसतो. ओढ्याकाठी, नदीकाठी वाढणारा हा उंच वृक्ष विदर्भापासून कोकणापर्यंत दिसतो. पांढुरकी, गुळगुळीत, पापुद्र्यांनी सुटणारी साल ही त्याची खूण. मराठीत त्याला अर्जुनसादडाही म्हणतात. भंडारा आणि गडचिरोलीकडे याच झाडावर आणि त्याच्या भावकीतल्या ऐनावर टसर रेशमाचे किडे पोसले जातात. म्हणजे तिकडच्या लोकांना या झाडाची ओळख औषधाइतकीच पोटापाण्यासाठी आहे.

घरी करण्याजोगा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे क्षीरपाक. त्याचे माप ‘शार्ङ्गधरसंहिता’ घालून देते: औषधाच्या आठपट दूध आणि दुधाच्या चौपट पाणी. हे सगळे मंद आचेवर उकळत ठेवायचे आणि पाणी आटून केवळ दूध उरले की उतरवायचे. पाच ग्रॅम सालीची भरड घेतली तर दूध 40 मिलिलिटर आणि पाणी 160 मिलिलिटर. अर्जुनाची साल भलतीच तुरट. नुसता काढा घशाखाली उतरवणे कठीण, दुधात मात्र तो तुरटपणा सौम्य होतो. अनेक वैद्य आजही हृदयाच्या रुग्णाला पथ्याच्या जोडीला हाच क्षीरपाक सांगतात.

मुरवलेल्या औषधाची गोष्ट वेगळी. तिथे कौशल्य लागते, जागा लागते आणि वाट पाहावी लागते.

आसव आणि अरिष्ट यांतला फरक शार्ङ्गधराने एका वाक्यात मिटवला आहे. औषधे न उकळता कच्च्या पाण्यात मुरवली की आसव, काढा करून मग मुरवला की अरिष्ट. जिथे पाठात प्रमाण दिलेले नाही तिथे एक द्रोण (सुमारे सव्वाबारा लिटर) द्रवाला एक तुळा (4.8 किलो) गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दहावा हिस्सा प्रक्षेपद्रव्ये म्हणजे वरून घालायची औषधे, हा त्याचा नियम शेकडो वर्षे टिकला. त्या नियमाच्या आधाराने नवनवे पाठ रचले गेले. हृदयासाठीचा सर्वांत प्रसिद्ध पाठ म्हणजे पार्थाद्यरिष्ट. पांडवांतल्या अर्जुनाची बहुतेक नावे या झाडालाही लागतात, त्यामुळे पार्थ म्हणजे इथे अर्जुनाची साल. बाजारात हेच औषध अर्जुनारिष्ट या नावाने मिळते. बंगालच्या गोविंददासाच्या ‘भैषज्यरत्नावली’तल्या हृद्रोगाच्या प्रकरणात ते आहे.

पाठ असा. अर्जुनाची साल एक तुळा, मनुका अर्धा तुळा, मोहाची फुले 20 पळे. चार द्रोण पाण्यात हे उकळून एक द्रोण उरवायचे. गाळून थंड झाल्यावर त्यात एक तुळा गूळ आणि 20 पळे धायटीची फुले घालायची, भांड्याचे तोंड बंद करायचे आणि महिनाभर ठेवायचे. भारत सरकारच्या आयुर्वेदीय योगसंग्रहाने ही मापे आजच्या परिमाणात बसवली आहेत: साल 4.8 किलो, मनुका 2.4 किलो, मोहाची फुले 960 ग्रॅम, सुमारे 49 लिटर पाणी आटवून सव्वाबारा लिटर, गूळ 4.8 किलो आणि धायटीची फुले 960 ग्रॅम.

यातला प्रत्येक जिन्नस काही तरी काम करतो. साल हे मुख्य औषध. मनुका आणि मोह यांतून साखर मिळते आणि तुरटपणावर गोडी चढते. गूळ हे आंबवणीचे इंधन. धायटीचे काम सर्वांत नाजूक. सह्याद्रीच्या उतारांवर हिवाळा सरता सरता लाल फुलांनी लगडणारे हे झुडूप. त्याच्या नळीसारख्या फुलांत मध असतो, आणि त्या मधाच्या ओढीने आलेले किण्व म्हणजे यीस्ट फुलांवर राहते. वाळलेली फुले गुळाच्या काढ्यात पडली की हे किण्व जागे होते, साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड होऊ लागते. किण्व म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हते, सूक्ष्मदर्शक यायला अनेक शतके होती, तरी धायटीशिवाय अरिष्ट नीट उठत नाही हे वैद्यांनी अनुभवाने पक्के केले होते. म्हणून एकापाठोपाठ एक आसवारिष्टांच्या पाठांत तिचे नाव येते.

मडक्याची तयारी हा स्वतंत्र विधी होता. घडा पक्का भाजलेला हवा. आतून तुपाचा हात फिरवायचा म्हणजे द्रव झिरपत नाही. मग गुग्गुळ, पिंपळी अशा द्रव्यांची धुरी द्यायची, म्हणजे नको ते जंतू मरतात, असे आज आपण म्हणू. घडा काठोकाठ भरायचा नाही, कारण वायू सुटताना फेस वर येतो. तोंडावर परळ ठेवून कापडमातीने सांधा बुजवायचा आणि घडा धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरायचा. धान्याच्या राशीत ऊब कायम राहते. आंबवण्याच्या क्रियेला हवी असते ती हीच न बदलणारी ऊब. उन्हाळ्यात अरिष्ट लवकर तयार होते, थंडीत रेंगाळते.

तयार झाले हे ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या. घड्याला कान लावला की आत खदखदण्याचा आवाज येतो, तो थांबला पाहिजे. वर तरंगणारी धायटीची फुले तळाशी बसली पाहिजेत. पेटती काडी तोंडाशी धरली तर ती विझता कामा नये. विझली तर आत अजून वायू सुटतो आहे. वास आंबूस न येता सुगंधी हवा. आंबट वास आला तर मद्याचा शिरका झाला, औषध गेले. अशा तयार अरिष्टाची दुसरी मोठी खुबी म्हणजे ते टिकते. काढा दुसऱ्या दिवशी बिघडतो, चूर्णाचा गुण काही महिन्यांत कमी होतो, अरिष्ट मात्र जितके जुने तितके गुणकारी, असे शार्ङ्गधरच सांगतो. त्यात तयार झालेले मद्यार्क औषधाचे सत्त्व ओढून घेते आणि तेच त्याला बिघडू देत नाही.

हृदय आणि मन यांची सांगड केवळ आयुर्वेदानेच घातली असे नाही. इब्न सिना या थोर हकिमाने हृदयावरच्या औषधांवर वेगळी पुस्तिका लिहिली, आणि तिच्यात आनंद, दुःख, भय यांची चर्चा औषधांच्या इतकीच आहे. युनानी वैद्यकात मन प्रफुल्लित करणाऱ्या औषधांचा ‘मुफर्रिह’ असा वर्गच आहे. गुलाब, चंदन, केशर, गावजबान यांचे खमिरे आणि अर्क त्यात येतात. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात हकिमांचे दवाखाने वैद्यांच्या शेजारी नांदले. त्याच परंपरेतला गुलकंद तर मराठी घरांत इतका रुळला की तो बाहेरून आला याची आठवणही उरली नाही. उन्हाळ्यात गुलकंद, कोकमाचे सरबत, आवळ्याचा मोरावळा, डाळिंबाचा रस: जीव घाबरा झाला, छातीत धडधडले, जेवणावरची वासना उडाली की घरातली जाणती बाई यांतले काही तरी पुढे करी. चरकाच्या त्या दहा आंबट फळांची परंपरा इथे कुठल्याही ग्रंथाविना चालत राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टींनी हे जग बदलले: छापखाना आणि कारखाना. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ हा मराठी ग्रंथ घरोघरी गेला. वनस्पती, त्यांचे गुण, त्यांचे घरगुती उपयोग आणि वैद्याचे पाठ असे सगळे साध्या मराठीत मिळू लागले. वैद्याच्या घरात बापाकडून मुलाकडे जाणारे ज्ञान आता कोणालाही पैसे मोजून विकत घेता येत होते. याच पदेशास्त्र्यांनी 1907 साली नाशकात आयुर्वेदाच्या वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन उभे केले.

दुसरीकडे, औषधे तयार करून विकण्याचा धंदा उभा राहिला. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 साली ‘धूतपापेश्वर’ची स्थापना केली. 1899 साली सांडू बंधूंचा कारखाना सुरू झाला. जामनगरच्या झंडू भट्टांच्या रसशाळेचा वारसा घेऊन त्यांचे नातू जुगतराम वैद्य यांनी 1910 साली मुंबईत ‘झंडू फार्मास्युटिकल वर्क्स’ काढले. पुण्यात पुढे राष्ट्रीय शिक्षण मंडळाच्या छत्राखाली आयुर्वेद महाविद्यालय, रुग्णालय आणि रसशाळा अशी तिन्ही अंगे एकत्र आली. मातीच्या घड्याऐवजी सागवानी पिंपे आली, मग पोलादी टाक्या. धान्याच्या राशीऐवजी ठरावीक तापमानाची खोली आली. पूर्वी आठवड्याच्या बाजाराला आलेल्या माणसाला वैद्य पानाच्या पुडीत औषध बांधून देई. आता लेबल लावलेली बाटली आगगाडीने वऱ्हाडात आणि बडोद्यात जाऊ लागली.

यात गमावले काय? वैद्य एकाच रुग्णासाठी पाठात फेरफार करी. कुणाला गूळ कमी, कुणाला मनुका जास्त, कुणाला अरिष्टाऐवजी नुसते तूप. बाटलीत तो हात उरला नाही. पण मिळवलेही पुष्कळ. ज्या गावात वैद्य नव्हता तिथे औषध पोचले, आणि एका खेपेची चव, रंग आणि ताकद दुसऱ्या खेपेसारखी राहू लागली. हृदयाच्या रुग्णासाठी हा दुसरा फायदा फार महत्त्वाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर या बाटलीवर अनपेक्षित संकट आले. मुंबई राज्याने 1949 चा दारूबंदी कायदा केला आणि 1950 पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. कायद्याच्या लेखी मद्यार्क म्हणजे मद्यार्क, मग ते ब्रँडीतले असो की अर्जुनारिष्टातले. फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईकर पारशी गृहस्थांनी या कायद्याला आव्हान दिले आणि 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदीचा मुख्य भाग टिकला, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावर, विकण्यावर, वापरण्यावर घातलेली बंधने रद्द झाली. राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदाने राज्याला मादक पेयांच्या बंदीकडे जाण्यास सांगितले आहे, पण औषधी उपयोगाचा अपवाद ठेवूनच.

प्रश्न तिथे संपला नाही. दारू बंद झाली तेव्हा काही लोक औषधाच्या नावाने मद्यार्क पिऊ लागले. अर्कांच्या आणि आसवांच्या बाटल्यांना अचानक मोठी मागणी आली. त्यातून 1955 साली केंद्राने औषधी आणि प्रसाधन पदार्थांवरील अबकारी कराचा कायदा केला. त्यात आयुर्वेदीय औषधांची विभागणी झाली. ज्यांत मद्यार्क आपोआप तयार होते आणि जी नेहमीच्या दारूसारखी पिता येणार नाहीत ती एका बाजूला, पिता येतील ती दुसऱ्या बाजूला. अर्जुनारिष्टाच्या बाटलीवर ‘स्वयंजनित मद्यार्क’ असे शब्द आणि टक्केवारी छापलेली दिसते, ती याच इतिहासाची खूण. 1964 साली औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदासाठी वेगळे प्रकरण जोडले गेले आणि अरिष्ट बनवणाऱ्याला परवाना लागू लागला. वैद्याच्या मागच्या पडवीत चालणारे काम आता नियमांच्या चौकटीत आले.

याच विसाव्या शतकापासून प्रयोगशाळा अर्जुनाला उलटसुलट तपासू लागली. 1930 साली मुंबईच्या हाफकिन संस्थेतल्या केयस, म्हसकर आणि आयझॅक्स यांनी अर्जुनाच्या कुळातल्या, भारतात नेहमी आढळणाऱ्या झाडांच्या वाळलेल्या सालींचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच कुळातल्या सालींचे गुण सारखे असतात हे गृहीत धरणे योग्य नाही, हा त्यामागचा महत्त्वाचा विचार होता. बाजारात अर्जुनाच्या नावाखाली भलत्याच झाडाची साल खपते, ही तक्रार आजही जुनी झालेली नाही. 1995 साली इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय निकामी होत चाललेल्या बारा रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला अर्जुनाचा अर्क दिला आणि त्यांना बरे वाटल्याचे नोंदवले. बारा रुग्ण म्हणजे फार थोडे. 2016 साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी शंभर रुग्णांवर अधिक काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली. बारा आठवड्यांनी हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता त्या अर्काने वाढली नव्हती.

या दोन निकालांमध्ये खोटे कोणीच नाही. पहिल्याने आशा दाखवली, दुसऱ्याने मर्यादा. आणि दोन्ही चाचण्या अर्काच्या होत्या. दूध, तूप, पथ्य, विश्रांती आणि चिंता सोडण्याचा सल्ला यांसकट चरक ज्या उपचाराबद्दल बोलतो, तो उपचार अशा रीतीने तपासणे फार अवघड आहे.

घरगुती औषधाने प्रयोगशाळेची परीक्षा नेमकी कशी द्यावी याचे इंग्लंडमधले उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. 1775 साली विल्यम विदरिंग या डॉक्टरकडे श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीचा सूज उतरवणारा गुप्त पाठ आला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातले खरे काम फॉक्सग्लोव्ह करते हे विदरिंगने ओळखले, दहा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, मात्रा ठरवली आणि यश-अपयशासह सगळे 1785 साली पुस्तकात छापले. त्या झाडापासूनची डिजिटॅलिस वर्गातली औषधे आजही हृदयरोगात वापरली जातात. पण फॉक्सग्लोव्ह हे जहाल विष आहे. उपकारक मात्रा आणि मारक मात्रा यांत अंतर फार थोडे. आपल्या अंगणातला कण्हेरही त्याच जातीच्या विषाने भरलेला आहे. हृदयावर चालणारी वनस्पती म्हणून कोणतीही वनस्पती घरी उकळून पिणे किती धोक्याचे, हे त्यावरून कळावे. अर्जुन त्या मानाने सौम्य, म्हणून तो स्वयंपाकघरात टिकला.

म्हणून या परंपरेकडे पाहताना तिने स्वतःच आखलेली रेघ पाळणे शहाणपणाचे. कोकमाचे सार, डाळिंबाचा रस, मोरावळा, थोडासा गुलकंद, वैद्याला विचारून घेतलेला अर्जुनाचा क्षीरपाक, ही घराची बाजू. अरिष्ट ही नेहमीच जाणत्या हाताची बाजू होती, कारण आंबवण्यात एक पायरी चुकली की औषधाचा शिरका होतो आणि घाण शिरली तर त्याहून वाईट होते. मधुमेहाच्या रुग्णाने अरिष्टातल्या गुळाचा विचार करावा, यकृताच्या रुग्णाने मद्यार्काचा. रक्त पातळ करणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर अर्जुन घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगावे. छातीत दुखले, दम लागला, पायाला सूज आली तर कोणत्याही बरणीकडे न वळता रुग्णालय गाठावे. चरकानेही हृदयाला शरीरातल्या तीन मुख्य मर्मांत गणले आहे आणि मर्माच्या रोगाला उशीर चालत नाही.

झाडाचाही विचार हवा. खोडाभोवती गोल फिरवून साल सोलली की अर्जुन उभ्या उभ्या वाळतो. थोड्या रुंदीच्या उभ्या पट्ट्या काढल्या आणि जखम भरू दिली तर तेच झाड पुन्हा पुन्हा साल देते. जुने साल गोळा करणारे हे जाणत होते. मागणी वाढली आणि घाई शिरली, तिथे ओढ्याकाठचे जुने वृक्ष गेले. सह्याद्रीत धायटी अजून मुबलक आहे, पण वणव्यांत आणि उत्खननात तिचीही झुडपे जातात. अर्जुनारिष्ट हवे असेल तर ही दोन्ही झाडे हवीत.

या इतिहासाचा सर्वांत दुबळा दुवा म्हणजे घराघरांतली नोंद. ग्रंथ छापले गेले, कायदे राजपत्रात आले, चाचण्या नियतकालिकांत आल्या. पण गावोगावच्या वैद्यांनी आणि घरातल्या बायकांनी त्या पाठांत काय बदल केले, कुठली साल कुठल्या ओढ्यावरून आणली, कुणाला काय मानवले, हे मोडी लिपीतल्या बाडांत किंवा जुन्या वह्यांत पडून आहे. अशी बाडे अनेक मराठी घरांच्या माळ्यांवर आहेत आणि वाळवी त्यांची वाट पाहत नाही. ज्यांच्या घरी वैद्यकीची जुनी कागदपत्रे असतील त्यांनी ती रद्दीत न घालता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या किंवा भांडारकर संस्थेसारख्या जतन करणाऱ्या ठिकाणी दाखवावीत, निदान त्यांची स्वच्छ छायाचित्रे तरी काढून ठेवावीत. आणि घरात कुणी वडीलधारे माणूस असले काही करीत असेल तर त्याच्याजवळ बसून माप, ऋतू आणि कृती आजच लिहून घ्यावी.